अफूचं युद्ध आणि आमच्याकडची उचल

निपाणीत तंबाखूच्या वखारींच्या आसपास वाढलेल्या माणसाला अफूच्या युद्धाची गोष्ट जरा वेगळी ऐकू येते. निदान मला तरी येते. शाळेत ती चार ओळींत संपली होती, चीनच्या एका अधिकाऱ्यानं इंग्रजांची अफू नष्ट केली, इंग्रज चिडले, युद्ध झालं, चीन हरला आणि हाँगकाँग इंग्रजांना मिळालं. कारणे लिहा म्हटलं की हेच लिहायचं. तेव्हा कधी डोक्यात आलं नाही की इंग्लंडमधे अफू थोडीच पिकते, मग ती आली कुठून, कुणाच्या रानातून, आणि त्या रानातल्या माणसाला तिचे किती पैसे मिळाले.

गेली दोन वर्षं ह्या विषयावर मिळेल ते वाचत गेलो, आणि जितकं वाचलं तितकं वाटायला लागलं की हे युद्ध चीनच्या किनाऱ्यावर सुरू झालंच नाही. ते आधी दोन तिजोऱ्यांच्या जमेच्या बाजूला सुरू झालं, एक लंडनची आणि एक कलकत्त्याची. अपमान, पत्रं, झेंडे, तोफा हे सगळं त्याच्यानंतर. मला हे कसं पटलं ते सांगतो, जरा लांबण लागेल.

चहापासून सुरू करूया, कारण गोष्ट तिथूनच सुरू होते. आज आपल्याकडं माणसं रानात कामाला न्यायची तर आधी चहा पाजावा लागतो, पण दोनशे वर्षांपूर्वी आपल्या भागात चहा घरोघरी नव्हताच. लंडनमधे मात्र तोवर साधा कामगारसुद्धा साखर घालून चहा प्यायला लागला होता. आणि हा सगळा चहा यायचा एकाच देशातून, चीनमधून, आणि आणायची एकच कंपनी, ईस्ट इंडिया कंपनी. इंग्लंडच्या सरकारनं चहावर एवढा टॅक्स बसवला होता, ११९ टक्के, की तिकडं चोरटा चहा राजरोस विकला जायचा. शेवटी १७८४ साली पार्लमेंटनं तो टॅक्स खाली आणून १२.५ टक्के केला, चोरट्या मालाचं कंबरडं मोडलं, आणि कंपनीचा चहा धो धो खपायला लागला. कंपनीला कायद्यानंच बंधन होतं की एक वर्ष पुरेल एवढा चहा गोडाऊनमधे शिल्लक पाहिजे. मग युद्धांचा खर्च वाढत गेला तसा टॅक्स परत चढत चढत १८१९ पर्यंत १०० टक्क्यांवर गेला, तोवर मात्र लोकांना चहाशिवाय चालेना. ब्रिटिश सरकारच्या एकूण उत्पन्नातला जवळपास दहावा हिस्सा ह्या एका चहावरच्या टॅक्समधून यायला लागला. म्हणजे चीनचा चहा बंद झाला तर नुसती लोकांची सकाळ बिघडणार नव्हती, सरकारचं बजेट बिघडणार होतं.

आता चहा घ्यायचा तर चीनला द्यायचं काय? इंग्रजांकडं लोकरीचं कापड होतं. चीनच्या दक्षिणेला कँटनला, जिथं उकाड्यानं जीव जातो, तिथं लोकर कोण घेणार. थोडं शिसं, कथील, आपल्या मुंबईकडून जाणारा कापूस, एवढं खपायचं, कापूस तर बऱ्यापैकी खपायचा. पण हिशोब जुळायचा नाही. राहिलेला फरक रोख चांदीत द्यावा लागायचा, मेक्सिको आणि पेरूच्या खाणीतली चांदी, स्पॅनिश डॉलरच्या रूपात. पेट्या भरभरून चांदी पूर्वेला जायची आणि चहा पश्चिमेला यायचा.

त्यात चीननं १७५७ पासून परदेशी बोटींना एकच बंदर उघडं ठेवलं होतं, कँटन. तिथं ठरावीक चिनी व्यापारी, त्यांच्या संघाला को-हाँग म्हणायचे, त्यांच्याशीच व्यवहार करायचा. सीझन संपला की मकावला निघून जायचं, बायका आणायच्या नाहीत, चिनी भाषा शिकायची नाही, सरकारला काही सांगायचं तर थेट नाही, ह्या व्यापाऱ्यांमार्फत अर्ज करायचा. १७९३ साली लॉर्ड मॅकार्टनी बादशहा छ्येनलुंगला भेटायला गेला, आणखी बंदरं उघडा, आमचा वकील, म्हणजे राजदूत, राजधानी पेकिंगमधे ठेवून घ्या असं मागायला, सोबत इंग्लंडमधली घड्याळं, यंत्रं, दुर्बिणी घेऊन. बादशहानं भेटी घेतल्या, आदरानं परत पाठवलं आणि मागण्या सगळ्या नाकारल्या. आमच्याकडं सगळं आहे, तुमच्या वस्तूंची गरज नाही, असा त्या उत्तराचा रोख होता. १८१६ ला परत दुसरा वकील गेला, त्याची तर भेटच झाली नाही. बादशहासमोर कपाळ जमिनीला टेकून नमस्कार घालायचा की नाही ह्यावरून दोन्ही वेळेला वाद झाला. बऱ्याच जणांना हेच युद्धाचं मोठं कारण वाटतं, दोन संस्कृती एकमेकींना समजल्या नाहीत वगैरे. मला नाही पटत. नमस्काराच्या वादानंतर पंचवीस-चाळीस वर्षं दोघं मजेत धंदा करत होते. माणसं मानापमानावरून भांडतात हे खरं, पण बोटी भरून सैन्य पाठवायला दुसरं काहीतरी लागतं.

ते दुसरं काहीतरी म्हणजे अफू.

चीनमधे अफूवर बंदी होती, नवीन नव्हे, १७२९ पासूनची. तेव्हा वर्षाला जेमतेम दोनशे पेट्या यायच्या. कंपनीनं बंगाल घेतला आणि १७७३ साली तिथल्या अफूचा मक्ता आपल्या हातात घेतला. पुढं १७९७ पासून पीक काढण्यापासून माल तयार करण्यापर्यंत सगळं कंपनीच्या एजन्सीखाली आलं. पाटणा एक आणि बनारस एक, बनारसवाल्यांचा कारखाना गाझीपूरला. तो गाझीपूरचा कारखाना १८२० चा, आजही चालू आहे, आता औषधासाठी.

पद्धत अशी होती. शेतकऱ्याला लायसन्स द्यायचं, एवढ्या बिघ्यात खसखस लाव म्हणून. पेरायच्या आधी ॲडव्हान्स हातात ठेवायचा. फुलं गळून बोंडं भरली की दुपारनंतर घरातल्या सगळ्यांनी रानात जाऊन बोंडांना चिरा द्यायच्या, रात्रभर चीक पाझरायचा, सकाळी तो खरवडून मडक्यात घ्यायचा. सगळा चीक एजन्सीलाच घालायचा, एक तोळासुद्धा बाहेर विकता येत नाही. कारखान्यात त्याचे नारळाएवढे गोळे करून पाकळ्यांच्या थरात गुंडाळायचे, चाळीस गोळ्यांची एक पेटी, साधारण ६३-६४ किलोची, आंब्याच्या लाकडाची. पेट्या कलकत्त्याला, तिथं लिलाव.

हे मी एका संध्याकाळी आमच्या आप्पांना सांगत होतो. पाऊस उघडला होता, कट्ट्यावर बसलो होतो. आप्पांनी उभं आयुष्य तंबाखू केलाय, आता गुडघ्यामुळं रानात कमी जातात. ते मधेच म्हणाले,

"म्हंजे उचलच की रं ती."

हो म्हटलं, उचलच.

"आन् भाव कोण ठरवायचं?"

एजन्सी ठरवायची, म्हटलं.

"आन् दुसऱ्याला घातला तर?"

गुन्हा. दंड, नाहीतर जेल.

आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मला त्या तीन प्रश्नांनी जे कळलं ते आधी कुठल्या पानावर कळलं नव्हतं, म्हणून हे सगळं लिहायला बसलोय.

ज्यांना आमचा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. निपाणी, चिकोडीचा हा पट्टा विडीच्या तंबाखूचा. श्रावण-भाद्रपदात लावण, मग शेंडे खुडायचे, फुटवे काढत राहायचे, हात काळे होतात आणि साबणानंसुद्धा निघत नाहीत, पौष-माघात काढणी. घरात पैसा लागतो तो लावणीच्या आधी, आणि माल तयार होतो त्याच्यानंतर पाच-सहा महिन्यांनी. मधल्या काळात जो पैसे देतो त्याच्याच दारात माल जातो. मग वजनात कडता, मालात खोट, भाव त्यानं सांगेल तो, आणि राहिलेलं पेमेंट कधी होईल त्याचा नेम नाही. आमच्या घरानं हे बघितलंय. आज्जी विड्या वळायची, मांडीवर सूप, कडेला कात्री आणि दोरा, संध्याकाळी हजार विड्या मोजून द्यायला जायची आणि त्यातल्या कितीतरी छाट म्हणून बाजूला काढल्या जायच्या, त्याचे पैसे नाहीत, विड्या मात्र परत मिळायच्या नाहीत. १९८१ साली शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं तंबाखूच्या भावासाठी पुणे-बेंगळुरू हायवेवर रास्ता रोको केला, मार्च महिन्यात सुरू झाला, आप्पा तेव्हा तरुण होते, तेही त्या रस्त्यावर बसले होते. ६ एप्रिलला गोळीबार झाला, बारा शेतकरी गेले. त्यामुळं भाव कोण ठरवायचं हा प्रश्न आप्पा सहज म्हणून विचारत नाहीत.

तर बिहारचा तो खसखस करणारा माणूस. त्याला कँटन कुठं आहे हे माहीत असायचं काही कारण नव्हतं. त्याच्या चिकाची जी किंमत त्याला मिळायची त्याच्या कितीतरी पट किंमत कलकत्त्याच्या लिलावात यायची, आणि मधला फरक सरकारी तिजोरीत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानच्या एकूण महसुलातला सहावा-सातवा हिस्सा एकट्या अफूचा होता. शेतसारा सोडला तर एवढा पैसा देणारं फारसं काही नव्हतं. लष्कराचे पगार, लंडनला पाठवायचे पैसे, कर्जावरचं व्याज, हे सगळं त्या चिकावर उभं होतं.

आणि कंपनी स्वतःच्या बोटीत सहसा अफू चीनला न्यायची नाही. लिलावात विकून टाकायची, पुढं खासगी व्यापारी न्यायचे. कारण कंपनीच्या बोटीत अफू सापडली असती तर चीननं चहा बंद केला असता. खासगी बोटी कँटनच्या बाहेर लिंटिन नावाच्या बेटापाशी उभ्या राहायच्या, तिथं मोठ्या बोटी गोडाऊनसारख्या नांगरून ठेवलेल्या, चिनी स्मगलर पुष्कळ वल्ह्यांच्या होड्या घेऊन यायचे, चांदी मोजायची, माल उतरवायचा. ती चांदी कँटनमधे कंपनीच्या खजिन्यात भरली जायची आणि त्या बदल्यात व्यापाऱ्याला लंडनची किंवा कलकत्त्याची हुंडी मिळायची. त्याच चांदीनं कंपनी चहा विकत घ्यायची. म्हणजे पूर्वी मेक्सिकोहून चांदी आणावी लागायची, आता चीनचीच चांदी चीनलाच देऊन चहा मिळायला लागला. किती बिनचूक बसवलं होतं बघा, आणि ह्या सगळ्यात चीन सरकारचा कायदा रोज मोडला जात होता.

आता मराठी माणसानं मुद्दाम बघावी अशी गोष्ट. अफू फक्त बिहारची नव्हती, माळव्याचीही होती, म्हणजे होळकर आणि शिंद्यांच्या मुलखातली, इंदूर, उज्जैन, मंदसोर, रतलाम. १८१८ साली पेशवाई बुडाली, त्याच साली कंपनीच्या मन्रोनं आपला बेळगावचा किल्ला घेतला, आणि त्याच साली होळकरांशी मंदसोरचा तह झाला. कंपनीला वाटलं आता माळव्याची अफूही मुठीत आली. पण तिथं जमीन संस्थानिकांची, पैसा सावकारांचा, आणि माल कंपनीला न विचारता बाहेर जायचा. कंपनीनं मुंबईची वाट अडवली की माल मारवाडातून पालीमार्गे कराचीला आणि तिथून पोर्तुगीजांच्या दमणला. दमणमधून थेट चीन. ज्यानं आमच्याकडं खानापूरच्या पुढं चोर्ल्याचा घाट बघितलाय त्याला हे समजवावं लागत नाही. घाटाच्या पलीकडं दारूचा भाव वेगळा, अलीकडं वेगळा, त्यामुळं मधल्या जंगलातून माल येतोच, नाका कुठंही बसवा. हद्द बदलली की भाव बदलतो, आणि भाव बदलला की वाट निघते.

शेवटी कंपनीनं हात टेकले. १८३० पासून पास काढले, पेटीमागं फी भरा आणि मुंबईतून खुशाल न्या. आणि इकडं बिहारमधे ठरवलं की माळव्याला मागं टाकायचं तर भाव पाडून माल वाढवायचा, म्हणून लागवड वाढवली. हे कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि ह्याच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. चीनमधे अफूचा पूर आला तो चिनी माणूस अचानक व्यसनी झाला म्हणून नाही, आपल्याकडं दोन ठिकाणच्या मालाची एकमेकांशी स्पर्धा लागली, भाव उतरला, आणि सगळा माल एकाच दारात जाऊन पडला. अठराव्या शतकाच्या शेवटी वर्षाला साधारण चार हजार पेट्या जायच्या, १८३८-३९ पर्यंत चाळीस हजारांच्या आसपास. मुंबईची मोठी माणसं ह्या धंद्यात होती, सर जमशेटजी जीजीभाय त्यातले पहिल्या नंबरचे. तरुणपणी चीनच्या सफरीत असताना त्यांची बोट फ्रेंचांनी पकडली, त्याच बोटीवर विल्यम जार्डिन नावाचा डॉक्टर होता, तिथं झालेली ओळख आयुष्यभराची भागीदारी ठरली. आपल्याकडची माणसं उपचाराला मुंबईला जेजेत जातात, त्या जेजेच्या पायाखाली कापसाबरोबर माळव्याची अफूही आहे. त्या हॉस्पिटलनं किती जीव वाचवले ह्याला मोजमाप नाही, आणि हेही खरं आहे, दोन्ही गोष्टी एकाच वेळी डोक्यात ठेवायला मला अजून जड जातं.

चीनच्या बाजूनं बघू. आपण म्हणतो अफूनं माणसं बरबाद झाली, ती झालीच, सैनिक, कारकून, हमाल. पण पेकिंगला जी धास्ती बसली ती चांदीची. तिथं शेतकरी धान्य विकायचा तांब्याच्या नाण्यात आणि सरकारी सारा मोजला जायचा चांदीत. शतकाच्या सुरुवातीला एक तेल, हे तिकडचं चांदीचं वजन, साधारण हजार नाण्यांना मिळायची, १८३८ च्या सुमाराला सोळाशेच्या वर लागायला लागली. म्हणजे सारा तेवढाच, पण तो भरायला दीडपटीपेक्षा जास्त धान्य विकायला लागलं. पगार रुपयात आणि कर्जाचा हप्ता डॉलरमधे असावा तसं. मेक्सिकोकडची खाणकामं त्या काळी लढायांमुळं बसली होती, जगातच चांदी कमी पडत होती, हेही एक कारण अभ्यासक सांगतात. पण दरबाराला समोर दिसत होतं ते एवढंच, की चांदी बाहेर चालली आहे आणि त्या बदल्यात धूर आत येतोय.

१८३६ मधे श्यू नायजी नावाच्या अधिकाऱ्यानं बादशहा दाओग्वांगला सुचवलं की बंदी उठवा, कर लावा, अफूच्या बदल्यात चांदी न देता माल द्या. खूप लोकांनी विरोध केला. १८३८ ला ह्वांग च्वेत्स नावाच्या दुसऱ्यानं उलट सांगितलं, ओढणाऱ्याला वर्षाची मुदत द्या, नाही सोडली तर फाशी. बादशहानं कडक बाजू घेतली आणि लिन झशू ह्यांना खास अधिकार देऊन कँटनला पाठवलं.

लिनबद्दल मला मनापासून आदर वाटतो. लाच न खाणारा, अभ्यास करून बोलणारा माणूस. पश्चिमेची पुस्तकं, वर्तमानपत्रं भाषांतर करून घेऊन वाचायचा. १० मार्च १८३९ ला कँटनला पोचला, आठवड्याभरात हुकूम काढला, सगळी अफू जमा करा आणि परत आणणार नाही असं लिहून द्या. २४ मार्चपासून परदेशी व्यापाऱ्यांच्या वसाहतीला वेढा, साडेतीनशेच्या आसपास माणसं आत. नोकर काढून घेतले, व्यापार बंद. राणी व्हिक्टोरियाला त्यानं पत्र लिहिलं, जे विष तुमच्याकडं चालू देत नाही ते आमच्याकडं का पाठवता, असा त्याचा अर्थ. इथं त्याची माहिती चुकली होती, इंग्लंडमधे तेव्हा अफू दुकानात मिळायची. पण त्याहून मोठी चूक दुसरी होती. त्याला वाटलं समोर काही लोभी व्यापारी आहेत, त्यांना धाक दाखवला की सरळ होतील. व्यापाऱ्याच्या मागं एक सरकार त्याच चिकावर जगतंय हे त्याला तिथून दिसत नव्हतं.

आणि इथं ती गोष्ट घडली जिच्यामुळं युद्धाला कागद मिळाला. ब्रिटिशांचा अधिकारी चार्ल्स इलियट, त्यानं व्यापाऱ्यांना सांगितलं की तुमची अफू माझ्याकडं द्या, ब्रिटिश सरकारच्या नावानं, सरकार भरपाई देईल. व्यापाऱ्यांना तर देव पावला, त्या वर्षी लिनच्या आधीपासूनच धरपकड चालू होती आणि माल हलत नव्हता. २०,२८३ पेट्या लिनच्या ताब्यात गेल्या, हजार टनांच्या वर माल. आपल्याकडं सगळे जाळली म्हणतात, जाळली नाही. ३ जूनपासून हुमनला समुद्राकाठी मोठे हौद खणून पाणी, मीठ आणि चुना घालून ती विरघळवली, तीन आठवडे काम चाललं, आणि समुद्रात सोडायच्या आधी लिननं समुद्राच्या देवाची प्रार्थना लिहून माफी मागितली, पाणी घाण करतोय म्हणून. पण कागदावर ती अफू आता कुणा व्यापाऱ्याची राहिली नव्हती. चोरटा माल एका सहीनं राणीची मालमत्ता झाला होता आणि साधारण वीस लाख पौंडांचं बिल लंडनच्या सरकारच्या डोक्यावर आलं होतं. ते बिल टॅक्समधून भरायचं कोण म्हणणार. चीनकडून वसूल करा, हाच सोपा मार्ग.

बाकीची कारणं होतीच. १८३४ ला कंपनीची चीन व्यापारातली मक्तेदारी संपली, धंद्यात नवे खासगी लोक घुसले, त्यांना कँटनचे नियम मोडायचेच होते. त्याच वर्षी ब्रिटिश सरकारचा अधिकारी म्हणून आलेल्या लॉर्ड नेपियरनं अर्ज करायला नकार दिला, मी बरोबरीच्या नात्यानं थेट पत्र देणार म्हणाला, पत्र कुणी घेतलं नाही, माणूस तापानं मकावला वारला. अर्ज कुणामार्फत करायचा, कुठल्या भाषेत, वर काय शब्द लिहायचा ह्यावरून माणसं किती पेटतात हे आमच्या सीमाभागात तरी सांगायला नको. न्यायाचा मुद्दाही खरा होता. १७८४ मधे एका इंग्रज बोटीवरून सलामीची तोफ उडाली, चिनी माणसं दगावली, तोफ उडवणारा चीननं मागितला, इंग्रजांनी दिला, त्याला गळा आवळून मारलं. त्यानंतर आपला माणूस चिनी कोर्टाच्या हवाली करायचा नाही असं इंग्रजांनी मनात पक्कं धरलं. म्हणून जुलै १८३९ मधे कौलूनला दारू प्यालेल्या खलाशांच्या मारहाणीत लिन वेइशी नावाचा गावकरी मेला तेव्हा इलियटनं आरोपी दिला नाही, लिननं रसद तोडली, आणि ३ नोव्हेंबरला च्वानपीपाशी तोफा सुटल्या.

जमशेटजींचा तो भागीदार जार्डिन तोवर लंडनला पोचून परराष्ट्रमंत्री पामर्स्टनला भेटला होता, किती बोटी लागतील, किती सैन्य लागेल सगळं सांगत. मँचेस्टरच्या कापडवाल्यांनीही निवेदनं दिली. एप्रिल १८४० मधे पार्लमेंटमधे तीन दिवस वाद झाला, तरुण खासदार ग्लॅडस्टननं ह्या युद्धाला अन्यायाचं म्हटलं, आणि सरकार २७१ विरुद्ध २६२ असं वाचलं. नऊ मतं. युद्धाचं वर्णन करत नाही, आगबोटींसमोर जुन्या चिनी नौकांचा टिकाव लागला नाही. एवढंच सांगतो की लढायला मद्रास आणि बंगालचे शिपाई नेले होते, आणि २९ ऑगस्ट १८४२ ला नानकिंगचा तह ज्या कॉर्नवॉलिस जहाजावर झाला ते मुंबईच्या गोदीत सागवानातून बांधलेलं, पारशी वाडिया कारागिरांनी. अफू आपली, शिपाई आपले, जहाजाचं लाकूडसुद्धा आपल्याकडचं.

तहात अफूच्या धंद्याचं काय करायचं ह्याबद्दल काही नाही. पाच बंदरं, हाँगकाँग, आणि दोन कोटी दहा लाख डॉलर. त्यातले साठ लाख हुमनला विरघळलेल्या अफूचे.

हे सगळं आप्पांना दोन-तीन संध्याकाळी मिळून सांगितलं. त्यांना चहाचं ऐकायला आवडलं, १८३९ च्या जानेवारीतच लंडनला आसामच्या चहाचा पहिला लिलाव झाला आणि पुढं चीनची गरजच संपत गेली हे ऐकून हातातल्या कपाकडं बघत बसले. मग विचारलं,

"ते साठ लाख कुणाला मिळालं?"

व्यापाऱ्यांना, म्हटलं.

"आन् बोंडं चिरणाऱ्याला?"

त्याला आधीच दिलेलं होतं, एजन्सीच्या भावानं. पुढच्या पेरणीची उचल परत वाटली.

आप्पांनी कप खाली ठेवला. आभाळ परत भरून आलं होतं, आणि खालच्या रानात रोपं अजून लावायची राहिली होती, ती सकाळी बायका येतील का ते विचारायला ते शेजारी गेले.